वाण न मिळालेल्या बायका

अकोला, १९ जानेवारी २०२५

रागिणी,

मोठ्या जावेने धाकटीला पत्र लिहिताना वर आशीर्वाद लिहायचा असतो. माझा आशीर्वाद तुमच्या घरात चालतो की नाही हे मला अजून कळलेलं नाही, म्हणून नुसतं नाव लिहून सुरुवात केली. राग मानू नकोस. मानलास तरी चालेल.

तू पाठवलेला फोटो माझ्या प्रतीक्षाने मला मोबाइलवर मोठा करून दाखवला. अमरावतीला सत्कार, खांद्यावर शाल, हातात नारळ, आणि खाली छापलेलं, ‘हळदीकुंकवातून आरोग्याचं वाण देणाऱ्या रागिणीताई’. शाल तुला शोभते. सोबत तुझा निरोप, की यंदाही रथसप्तमीच्या आत हळदीकुंकू आहे, बायका दुप्पट होतील, ताईंनी चार दिवस यावं, त्यांच्या हातच्या तिळाच्या वड्यांची सगळ्यांना आठवण येते. आणि शेवटी, ताई फोन का उचलत नाहीत?

फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकते, म्हणून उचलत नाही. लग्न होऊन आलीस तेव्हापासून हे असंच आहे. तुझा आवाज गोड आहे, समोरच्याला आपलं म्हणणं काय होतं तेच आठवत नाही. कागदावर तुला मधे बोलता येणार नाही, म्हणून जावईबापूंना सांगून पोस्टाची पाकिटं आणवली.

वड्यांवरून आठवलं. मागच्या संक्रांतीला त्या वड्या मी कुठे बसून केल्या होत्या? पुढच्या खोलीत गावातल्या सगळ्या सवाष्णी, आणि मागे चुलीपाशी आम्ही दोघी. सासूबाई तीळ निवडत होत्या, मी पाक पाहत होते. घरात दोन विधवा असल्या की हळदीकुंकवाच्या दिवशी कामाला माणसं कमी पडत नाहीत.

तुझं बोलणं मी मागून सगळं ऐकलं. खरं सांगते, चांगलं बोललीस. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर दुखायला लागायच्या आधीच धरता येतो, तपासणारी बाईच असते, पडदा असतो, चिमटा काढल्यासारखंही होत नाही. कोणाला घाबरवलं नाहीस, कोणाला लाजवलं नाहीस. एकेकीला विचारलंस, तिचं पूर्ण ऐकून घेतलंस. खुशालरावांची बायको असल्या विषयावर नुसती पदराआड हसते, पण तीही बोलली. मी पाकाचा चमचा हातात धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, आपली जाऊ आहे ही.

मग वाण. दरवर्षी वाटी नाहीतर कंगवा असतो, तू त्या वर्षी तपासणीची चिठ्ठी दिलीस, तारीख घातलेली, हळदीकुंकवाचं बोट लावलेली. डोकं तुझंच. सवाष्णीने दिलेलं वाण दुसऱ्या सवाष्णीला परत करता येत नाही, म्हणून ती चिठ्ठी कोणी टाकून देणार नाही हे तुला बरोबर माहीत होतं. तू चिठ्ठ्यांचं ताट न्यायला आत आलीस. मी विचारलं, “रागिणी, एखादी चिठ्ठी उरते का?”

सासूबाई तिळातून मान वर न काढता म्हणाल्या, “तिले काय करा लागते ते? ज्यायचे नवरे हायेत त्यायचं दुखनं हाय हे.”

तू काय म्हणालीस ते सांगू? तू म्हणालीस, “ताई, पाक पुढे जाईल हं.” आणि ताट उचलून बाहेर गेलीस.

चिठ्ठी मला कशाला हवी होती हे तू तेव्हा विचारलं नाहीस, म्हणून मीही आता सांगत नाही. यंदा वड्या बाजारातून आण. लेकीकडे माझं चांगलं चाललं आहे.

शकुन

अकोला, ४ फेब्रुवारी

रागिणी,

तुझं चार पानी पत्र मिळालं. प्रतीक्षाला मी शपथ घातली होती, पण ती तुझ्या आवाजापुढे टिकली नाही. म्हणजे आता तुला ठाऊक आहे. मला तोच आजार झाला आहे ज्याच्यावर तू भाषण करतेस. ऑपरेशनची वेळ निघून गेली म्हणतात. रोज मशीनखाली शेक देतात, आठवड्यातून एकदा सलाईन. दिवाळीनंतर चार दिवसांसाठी म्हणून लेकीकडे आले ती याचसाठी. घरी सगळ्यांना अल्सर सांगितलं आहे, प्रतीक्षाच्या सासूलासुद्धा. लेकीच्या सासरी राहून असल्या जागेचं दुखणं तोंडाने सांगायचं म्हणजे काय ते तुला कळणार नाही.

तू लिहितेस, “ताई, मला तो प्रसंग आठवतच नाही.” मला पटतं. आठवण ज्याला भाजलं त्याच्याकडे राहते.

आणि लिहितेस की शिबिर तर सगळ्यांसाठी होतं, कोणी अडवलं नव्हतं. अगदी खरं. किशोरभाऊजींचा टेम्पो, जो रोज झेंडूची पोती अमरावतीच्या फुलबाजारात नेतो, तो त्या दिवशी धुऊन दारात उभा केला होता, आत सतरंजी टाकली होती. तू चिठ्ठ्या पाहून नावं पुकारत होतीस. कोणी कोणाला अडवत नव्हतं. मी आणि दुर्गा मात्र शेतात होतो, कारण टेम्पोत बसलेल्या बायकांच्या वाट्याच्या फुलांच्या ओळी कोणी तरी तोडायच्या होत्या, आणि बाजार काही कोणाच्या आरोग्यासाठी थांबत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा असतो. कोणी मुद्दाम करत नाही.

इथल्या डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, नवरा जाऊन चार वर्षं झाली, मला हे कसं झालं? त्या म्हणाल्या, याचा जंतू नवरा-बायकोच्या संबंधातून येतो आणि आत दहा-पंधरा वर्षं गुपचूप बसतो. म्हणजे हे गेले, कुंकू गेलं, घरातला मान गेला, आणि मागे राहिलं ते हे. सासूबाईंना सांग. ज्यांचे नवरे आहेत त्यांचंच दुखणं आहे म्हणे.

आता कामाचं लिहिते. दुर्गाला तू ओळखतेस, पण आपल्या शेतात फुलं तोडणारी बाई एवढीच ओळखतेस. तिचा नवरा गेला तेव्हा शुभम पाळण्यात होता, आता त्याच्यासाठी मुली पाहताहेत. तिलाही माझ्यासारखंच होतं. अंगावरून जातं, वास येतो, पाळी नसताना लाल दिसतं. टेम्पो गेला त्याच दिवशी तिने मला सांगितलं. मी म्हटलं, चल, आपण दोघीच जाऊ एसटीने. ती म्हणाली, “आपल्याले कोनं बलावलं हाय का?” आणि पुढची ओळ धरली. त्यानंतर मी आजारी पडले, ती तिथेच आहे.

तिच्या घरी फोन शुभमच्या खिशात असतो, त्याच्यावर आईचं हे बोलता येत नाही. मला शेक सोडून हलता येत नाही. उरतेस तू. तुझ्याकडे काही मागायचं माझ्या जिवावर येतं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तसं माझं झालं आहे. तरी मागते. मला जे झालं ते तिला होऊ देऊ नकोस. तिला तपासायला ने, लवकर ने.

शकुन

अकोला, १७ फेब्रुवारी

हे काय करून ठेवलंस तू?

मी तुला दुर्गाकडे जायला सांगितलं, वरात काढायला नव्हतं सांगितलं. तुझ्या महिला मंडळाच्या दोन बायका सोबत, हातात हळदीकुंकवाचं ताट, आणि दारातून, “दुर्गाताई, यंदापासून आम्ही विधवांनाही बोलावणार, पहिला मान तुमचा!” तुला वाटलं ती भरून पावेल. इतकी वर्षं तुमच्या दारावरून मान खाली घालून जाणाऱ्या बाईला तू भर गल्लीत ओरडून सांगितलंस की ती विधवा आहे. तिला ते ठाऊक होतं गं.

तेवढ्यावर थांबली असतीस तरी चाललं असतं. त्या दोघींच्या देखत तू विचारलंस, “तुमच्या अंगावरून जातं ना? शकुनताईंनी कळवलंय मला.” मी तोंडातून काढलेला शब्द तू ताटात ठेवून मिरवलास. तिने दार लावून घेतलं याचं तुला आश्चर्य वाटतं, मला तिने तांब्या फेकून मारला नाही याचं वाटतं. “मले मान नाई पायजे, मले काम हाय,” एवढंच बोलली म्हणतेस. तिच्या मानाने फारच सभ्य बोलली.

आता सगळ्या गावाला कळलं असेल. शुभमच्या सोयरिकीचं काय होतं ते पाहायचं. मुलीकडचे असलं ऐकलं की आजार विचारत नाहीत, बाईची चाल विचारतात.

वर तू मलाच विचारतेस की तुमच्या दुखण्याचं तिला सांगू का, म्हणजे ती ऐकेल. नाही. मुळीच नाही. आज दुर्गाला सांगशील, उद्या अमरावतीच्या सभेत सांगशील, “माझ्या सख्ख्या जावेचं उदाहरण घ्या.” तुझ्या आवाजात ते फार छान वाटेल, बायका डोळे पुसतील. आणि गावात लोक म्हणतील, चार वर्षं नवरा नाही, तिला हा रोग कुठून झाला? डॉक्टरीणबाईंचं उत्तर तू कोणाकोणाच्या घरी जाऊन देणार आहेस? माझी लेक सासरी नांदते आहे. ती म्हणते, आई, लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. तिला सोपं आहे, लोक तिच्याबद्दल म्हणणार नाहीत.

माझं नाव घ्यायचं नाही. दुर्गाची समजूत काढायला दुसरा मार्ग शोध. बोलण्याचं प्रशिक्षण घेतलं आहेस ना तू?

शकुन

अकोला, ३ मार्च

रागिणी,

मागच्या पत्रानंतर तू गप्प बसलीस ते बरं केलंस. आज मीच लिहिते.

शेकासाठी आम्ही बायका रोज एका ओळीत बाकावर बसतो. ज्या मशीनसाठी बसतो ते सगळ्यांचं एकच, तरी पहिल्या दिवशी शेजारणीने विचारलं तेव्हा मी म्हणाले, अल्सर. ती म्हणाली, मला मूळव्याध. पलीकडची म्हणाली, माझी कंबर धरते. सगळ्याजणी एकमेकींना खोटं सांगत होतो आणि सगळ्यांना सगळ्यांचं खरं माहीत होतं. दुसऱ्या आठवड्यापर्यंत आम्ही एकमेकींची चौकशीसुद्धा त्याच खोट्याने करायला लागलो, “काय वो, मूळव्याध कशी हाय आज?” आणि हसायचो. त्या दवाखान्यात हसण्यासारखं तेवढंच होतं.

मूळव्याधवाली तेल्हाऱ्याची होती, नवरा नसलेली. अंगाने धिप्पाड, कपाशीच्या वावरात आयुष्य गेलेली. गेल्या सोमवारी ती आली नाही, मंगळवारीही नाही. आज तिची सून कागद न्यायला आली होती. मी तिला बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाली, गेल्या. आणि रडत रडत म्हणाली, “आमाले शेवटपर्यंत मूळव्याधच सांगतली. मी गावातल्या वैदूचा झाडपाला देत राहिली वो त्याइले. खरं सांगतलं असतं तं वर्षभर आधी आनली असती.” त्या सुनेचं वय प्रतीक्षाएवढं असेल. तिला कोणी सांगितलं नव्हतं की तिनेही तपासून घ्यावं. मी सांगितलं. मशीनकडे बोट दाखवून माझ्या आजाराचं नाव घेऊन सांगितलं. बाकावरच्या बायका माझ्याकडे पाहत राहिल्या. कंबरवाली उठून पलीकडे जाऊन बसली.

तेव्हा आता सांग. दुर्गाला माझं नाव घेऊन सांग. कोणता आजार, कधीपासून, किती उशीर झाला, सगळं. मी चिठ्ठी मागितली होती आणि मिळाली नव्हती हेही सांग, ते गाळू नकोस. आधी घरात सांग, सासूबाईंच्या समोर बसून. लोक काय म्हणतील ते म्हणतील. मला आता लोकांसाठी खोटं बोलायचा कंटाळा आला आहे. दुर्गा असं खोटं सांगत मेली तर ते पाप तुझ्या एकटीचं राहणार नाही.

पण ताट घेऊन जाऊ नकोस. सकाळी फुलं तोडायला जा. ओळीच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तू. झेंडू तोडताना बायका समोरासमोर असतात पण नजर फुलावर असते, म्हणून तिथे मनातलं बोलता येतं. तुला सवय राहिली नाही, बोटं काळी होतील, कंबर भरेल, तरी जा. आणि गेल्या गेल्या तोंड उघडू नकोस. आधी नुसती फुलं तोड. ती विचारेल तेव्हा बोल. हे तुला जमेल की नाही याची मला खात्री नाही.

शकुन

अकोला, २३ मार्च

रागिणी,

दुर्गा आली. न कळवता आली. बडनेऱ्याहून गाडीत बसली आणि स्टेशनवरून विचारत विचारत घरी. मी पलंगावर पडले होते. दारात उभी राहून तिने मला नीट पाहिलं. केस गेले नाहीत पण अंगावर मांस राहिलेलं नाही, चेहरा काळवंडला आहे. आत आली आणि पहिलं वाक्य काय, तर, “काय व शकुन, मरून राहिली अन् मले सांगतलं बी नाई?”

मी म्हटलं, “कशी आलीस? शुभमला काय सांगितलं?”

“रिद्धपूरले दर्शनाले जातो म्हनलं.”

“अकोल्याची गाडी कधीपासून रिद्धपूरला जायला लागली?”

“देव काय एकाच गावाले हाय का?” आणि माझ्या उशाशी बसली. मग म्हणाली, “मले वाटलं, रागिणी मले भेव दाखवून राहिली. तिच्या तोंडाले काय, गोडच हाय ते. म्हनलं, आपल्या डोयानं पाहून येऊ.”

पाहिलं तिने. लुगडं सरकवून मी तिला शेकाने काळी पडलेली कातडी दाखवली. तिनेच ते लुगडं पुन्हा सारखं केलं.

तुझ्याबद्दल तिने जे सांगितलं ते लिहिते, कारण तू लिहिलं नाहीस. “दोन दिवस मुकी राहिली ते. मले वाटलं, इले झालं तरी काय? तिसऱ्या दिवशी मीच म्हनलं, काय व, भांडाले आली का फुलं तोडाले? तं रडालेच लागली. मी म्हनलं, बाजूले हो, माल भिजून राहिला. मंग सांगतलं तिनं सारं. चिठ्ठीचंबी सांगतलं.” म्हणजे गाळलं नाहीस. मी तुझ्यावर एवढाही भरवसा ठेवला नव्हता.

सासूबाईंचंही तिनेच सांगितलं. तू त्यांच्यासमोर बसून सांगितलंस, त्यानंतर दोन दिवस जेवल्या नाहीत. त्यांना जेवायला घाल. माझा राग त्यांच्यावर आहेच, पण सासरे गेल्यापासून त्याही कोणाच्या पुढच्या खोलीत बसल्या नाहीत. त्यांना जे मिळालं तेच त्यांनी वाटलं. तुला मात्र दुसरं माहीत होतं, तू शिकलेली होतीस, आणि त्या दिवशी तू सासूचं ऐकलंस. म्हणून त्यांच्यावरचा राग निवतो आणि तुझ्यावरचा निवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला इथल्या दवाखान्यात नेलं. खरं म्हणजे तिनेच मला धरून नेलं. टेबलावर झोपताना मोठ्याने भांडत होती, “पडदा कुठं हाय? तुमी पडदा म्हनलं होतं!” नर्स हसायला लागली. तपासताना मात्र माझा हात असा आवळला की बांगडी असती तर फुटली असती. तुकडा काढून तपासायला पाठवला आहे. निकालाला वेळ लागेल. ती गावी परत गेली आहे, तिच्याकडे लक्ष ठेव, पण दिसेल असं ठेवू नकोस.

शकुन

अकोला, ९ एप्रिल

रागिणी,

निकाल आला. दुर्गालाही कॅन्सर आहे.

पण अगदी सुरुवातीचा. डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून समजावलं. पिशवी काढायची, बहुतेक शेकसुद्धा लागणार नाही, तपासणीला मात्र येत राहायचं. मग चष्मा काढून तिच्याकडे पाहत म्हणाल्या, “वेळेत आलात, बाई. चांगल्या जगाल तुम्ही.”

दुर्गा माझ्याकडे वळून हसली. मीही हसले. मी तिच्यासाठी हे मागितलं होतं, देवाजवळ मागितलं होतं, तुझ्याजवळ मागितलं होतं, आणि मिळालं तेव्हा मला असा राग आला की तिचा हात सोडावासा वाटला. आमचं दोघींचं सोबतच सुरू झालं होतं. एकाच ओळीत आम्ही ते एकमेकींना सांगितलं होतं. तिच्यासाठी कोणीतरी आलं आणि माझ्यासाठी आलं नाही, एवढाच तिच्यात आणि माझ्यात फरक आहे. हे मी तिला सांगितलं नाही. प्रतीक्षालाही नाही. तुला सांगते, कारण हे ऐकायचं काम तुझं आहे.

माझा शेक संपला. डॉक्टरीणबाईंनी मला असलं काही वाक्य कधी ऐकवलं नाही. त्या माझ्याशी बोलताना कागदाकडे पाहतात. मीही आता खोदून विचारत नाही.

दुर्गाचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात अमरावतीला ठरलं आहे. शुभमला तिने स्वतः सांगितलं. तो रात्रभर बाहेर ओट्यावर बसून राहिला आणि सकाळी म्हणाला, मी रजा टाकतो. सोयरिकीचं काय व्हायचं ते होईल. ऑपरेशनच्या दिवशी तू तिथे जा. कोणी ताट, शाल, फोटो आणला तर त्याला दारातूनच परत पाठव.

तुझं कालचं पत्र वाचलं. तू विचारतेस, मी भेटायला येऊ का, एकदा पायावर डोकं ठेवू द्या. येऊ नकोस. आलीस तर रडशील, मला तुला पाणी द्यावं लागेल, “जाऊ दे गं” म्हणावं लागेल, आणि ते मी म्हणणार नाही. मला काही जाऊ द्यायचं नाही. तू वाईट बाई नाहीस, हे मला माहीत आहे. गावातल्या कितीतरी जणींना तू वाचवलं असशील. मी त्यांच्यात नाही.

यायचा एक दिवस तुझ्याकडे मोकळा असेल तर तो जानरावांच्या सुनेला दे, नीलमला. मागच्या पोळ्याला तिचा नवरा वीज लागून गेला. तिशीसुद्धा ओलांडली नाही तिने, मागच्या खोलीत बसायला लागली आहे आणि फुलं तोडायला दुर्गाच्या जागेवर येणार आहे. तिला काही होत नाही, दुखत नाही, ती कोणाला काही सांगणार नाही. आम्ही दोघी दुखायला लागल्यावर बोललो. तू तिच्याकडे दुखायच्या आधी जा. ती कामावर आली की पहिल्याच सकाळी तिच्या ओळीत जाऊन बस.

मला भेटून बरं फक्त तुला वाटेल.

शकुन